पहिल्या ट्रंपेटचे दात

सेनोबियो चाल्यापाचे पुढचे चार दात सैतानाने पाडले, मी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चिलीतल्या आमच्या आल्तो ओस्पिसियोत हल्ली लोक वाट्टेल ते बोलतात.

ऑगस्टात संत लोरेन्सोच्या जत्रेत आमचा बँड सैतानांचं सोंग घेऊन नाचणाऱ्या ताफ्यासाठी वाजवत होता. ऊन मी म्हणत होतं. एक सैतान गिरक्या घेत घेत उलटा मागे आला, त्याच्या मुखवट्याचं शिंग सेनोबियोच्या ट्रंपेटवर आपटलं आणि ट्रंपेटचं तोंड याच्या तोंडात घुसलं. दोन दात धुळीत पडले, दोन मुळाशी तुटले. सैतान मुखवटा काढून स्वतःच रडायला लागला. मी सेनोबियोच्या डाव्या हाताला उभा होतो, गेली सव्वीस वर्षं उभा असतो तिथेच. बँडच्या मास्तरांनी मला हातानेच खूण केली, तू पुढे ने. मी नेलं. पहिल्या ट्रंपेटचा सगळा भाग मी वाजवला आणि कुणाला फरकसुद्धा कळला नाही. निदान मला तसं वाटलं. माझी बायको फ्रेसिया घरी आल्यावर म्हणाली की सगळ्यांना कळला.

आता मूळ दुखणं सांगतो. मी, रिगोबेर्तो बुगेन्यो, या बँडमध्ये सेनोबियोच्या आधी चार वर्षं आलो. म्हातारा पहिला ट्रंपेट गुडघ्यांनी बसला तेव्हा नंबर माझा होता, यात दुमत नव्हतं. तेवढ्यात वर डोंगरातून हा उतरला. पायात टायरच्या चपला, ट्रंपेट पोत्यात गुंडाळलेला. मास्तरांनी त्याचं एकदा ऐकलं आणि त्याला पहिला करून टाकला. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय. वर फ्रेसियाने आमच्या पोराच्या बाप्तिस्म्याला त्यालाच धर्मपिता केला, म्हणून आम्ही एकमेकांना ‘कोम्पा’ म्हणतो. सख्ख्या भावाला नाही म्हणत इतक्या प्रेमाने म्हणावं लागतं.

आणि निरोपाची धून. जुलैत तिरानाच्या जत्रेच्या शेवटी नाचणारे कारमेनमाउलीचा, आमच्या मेरीमातेचा, निरोप घेतात, तिच्याकडे पाठ न करता उलट्या पावलांनी देवळाबाहेर येतात, तेव्हा सगळा बँड गप्प होतो आणि पहिला ट्रंपेट एकटा वाजवतो. बाया हुंदके देतात, दाढीमिशीवाले बाप्ये रडतात. झाल्यावर म्हाताऱ्या येऊन सेनोबियोचा हात धरतात, डोळ्यांना लावतात. मग बाजूला मी दिसतो. मला म्हणतात, तुम्हीपण छान वाजवता हं. त्या ‘पण’ने माझ्या आयुष्याची वाट लावली आहे.

तर दात. खाली इकीकेत विचारलं तर डॉक्टरने जो आकडा सांगितला त्यात जुनी मोटार आली असती. मग ताक्ना. आमच्याकडचं कोण जात नाही ताक्नाला? दात असो, चष्मा असो, आरिकापर्यंत बस, तिथून पाच जणांची टॅक्सी, सीमा ओलांडली की पेरू. स्टँडवर उतरलं की दलाल दंडाला धरून दवाखान्यात नेतात. पण नुसतं जाऊन भागत नाही, दातांच्या कामाला राहावं लागतं, आणि परमुलखात राहणं म्हणजे पाण्यासारखा पैसा. बँडची बैठक भरली. लोकांना कोम्प्लेतो खाऊ घालून पैसा उभा करायचा हे ठरलं, ते आमच्याकडे ठरलेलंच असतं. कुणाचं ऑपरेशन असो की कुणाचं घर जळो, पावात सॉसेज, वर टोमॅटो, कुस्करलेला अवोकाडो आणि मेयोनेज, तिकीट लावून विकायचे. पण किती पैसे लागणार ते आधी कळायला हवं. मास्तर म्हणाले, बजेट रिगो काढेल.

मी बँडचा खजिनदार आहे. अकरा वर्षांत एक पेसो इकडचा तिकडे झालेला नाही. माणसाने कशात तरी पहिलं असावं.

ताक्नाच्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून मी सगळं समजून घेतलं. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक पक्क्या दातांचा: हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाड धरेपर्यंत चार महिने थांबायचं, मग त्यावर चार दातांचा पूल. म्हणजे पाच महिने तिथेच मुक्काम, नाहीतर दोन मोठ्या खेपा. दुसरा रस्ता कवळीचा: तुटकी मुळं काढायची, टाळूला चिकटणारी कवळी करायची, तीन आठवड्यांत माणूस घरी.

आता ज्याने आयुष्यभर ट्रंपेटला ओठ लावलाय त्याला एक गोष्ट कळते. वरचे सूर नुसते फुंकून येत नाहीत, तोंडावर दाब द्यावा लागतो. पक्का दात तो दाब झेलतो. कवळी सरकते. हे मला कळत होतं. मास्तर जन्मभर ताशा बडवलेले, त्यांना काय कळणार? बाकीचे ट्रंपेटवाले पोरसवदा, त्यांच्या तोंडात स्वतःचे बत्तीस.

माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. तिथे बसून मी दोन्ही बजेटं काढली. पक्क्या दातांच्या बजेटात मी काही म्हणजे काही सोडलं नाही. दोघांचं भाडं, खोली, दोन वेळचं जेवण, न्याहारी, डॉलरात दात, पेरूच्या सोलमध्ये खोली, आपल्या पेसोत बस, त्या अदलाबदलीतली तूट. सेनोबियो पाण्याचा टँकर चालवतो, तर त्याची पाच महिन्यांची बुडालेली मजुरी. त्याची बायको ओतिलिया भाजीचा गाळा चालवते, तर बंद गाळ्याचं नुकसान. त्यांच्या कुत्र्याला शेजारी सांभाळणार, तर कुत्र्याचं खाणं. वर अडीअडचणीला म्हणून आणखी एक दणदणीत रक्कम. कवळीच्या बजेटाला मात्र हात आखडता घेतला. ओतिलियाने जायची गरज काय? दात नसलेला माणूस सूप पितो, त्याला जेवणाचा खर्च किती येणार? खोली गच्चीवरची चालेल. दोन्हीकडे एकही आकडा खोटा नव्हता. काय धरायचं आणि काय सोडायचं एवढंच मी ठरवलं.

बैठकीत मी दोन्ही बेरजा वाचून दाखवल्या. पहिली ऐकून लोकांनी माना खाली घातल्या. दुसरी ऐकून वर केल्या. मी म्हटलं, पक्के दात हे खाणमालकांचे चोचले आहेत, गरिबाला चावता आलं की झालं. मास्तरांनी सेनोबियोकडे पाहिलं. तो तोंडावर हात धरून बसला होता, त्याने मान हलवली. कोम्पा म्हणतोय तर बरोबरच असेल, असं तो हाताआडून बोबड्या बोलीत म्हणाला. फक्त ओतिलियाने विचारलं की पहिल्या बजेटात आमचा कुत्रा जेवतो, दुसऱ्यात का नाही जेवत? सगळे हसले. मीही हसलो आणि कुत्रा घालून घेतला. पण त्या बाईच्या डोळ्याला मी तेव्हापासून डोळा देईनासा झालो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कोम्प्लेतो विकले. माझा अंदाज होता की कवळीपुरते जमतील, फार तर चार पेसो वर. दाराशी गल्ल्यावर मी बसलो होतो. सकाळपासून जी रांग लागली ती हटेना. इकीकेहून लोक आले, पोसो आल्मोंतेहून आले, ज्यांच्याशी आमचं जत्रेत जागेवरून भांडण होतं ते बँडवालेसुद्धा आले. सैतानांचा अख्खा ताफा शिंगं लावून वाढायला उभा राहिला. दुपारी अवोकाडो संपले, मग टोमॅटो संपले, शेवटी लोकांनी नुसता पाव-सॉसेज खाल्ला आणि कुणी पैसे परत मागितले नाहीत. एक म्हातारी काठी टेकत आली, तिने दहा तिकिटं घेतली आणि एकही न खाता गेली. जाताना मला म्हणाली, त्या पोराला सांगा, माउलीला त्याचा ट्रंपेट ऐकायचाय.

मी नोटा लावत होतो आणि मनात एकच घोळत होतं. उद्या माझे दात पडले तर कोण येईल? फ्रेसियाचे दोन भाऊ येतील, आणि तेही उधारीवर खातील. संध्याकाळी गल्ला मोजला. कवळी होऊन भरपूर उरत होते. माझ्या त्या फुगवलेल्या पहिल्या बजेटालासुद्धा पुरले असते, कुत्र्यासकट.

दुसऱ्या दिवशी सेनोबियो दुकानात आला. मी एका ट्रकची ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होतो. तो बराच वेळ शेजारी उकिडवा बसून बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला,

“कोम्पा, एक विचारू? कवळीवर ट्रंपेट वाजवता येतो का? ती डॉक्टरीण भली आहे, पण ती ट्रंपेट वाजवत नाही. तू वाजवतोस.”

मी विचारलं, का रे, काय झालं? तर म्हणाला की पैसे इतके जमले की त्याला लाज वाटते. येत असेल तर कवळीच करावी, उरलेले बँडला द्यावेत, पोरांचे गणवेश फाटलेत, जत्रेच्या बसचं भाडं आहे. येत नसेल तर मात्र लोकांची माफी मागून सगळे घेईन, कारण ट्रंपेटशिवाय मला दुसरं काय येतं, असं म्हणाला.

“तू सांगशील ते करतो,” तो म्हणाला. “मला पैशातलं कळत नाही.”

ट्यूबचं भोक सापडलं होतं. मी त्यावर बोट दाबून धरलं.

“माझा फेलिसियानो मामा कवळी घालून वीस वर्षं बँडमध्ये होता,” मी म्हणालो.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. मामाला कवळी होती, वरची आणि खालचीही, आणि तो वीस वर्षं बँडमध्ये होता. झांजा वाजवायचा. सेनोबियोने विचारलं असतं की मामा काय वाजवायचा, तर मी सांगितलं असतं. शपथेवर सांगतो, सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. माझा काळा हात दोन्ही हातांत धरून त्याने दाबला आणि गेला.

नोव्हेंबरात तो ताक्नाला गेला, एकटा, गच्चीवरच्या खोलीत राहिला, सूप प्यायला, आणि नाताळच्या आधी परत आला. दात पांढरेशुभ्र, एका रेषेत. टँकरवरून हसला की गल्लीच्या टोकाला दिसायचं. फ्रेसिया म्हणाली, कसा तरणाबांड दिसतोय तुझा कोम्पा. मला तेही सोसलं नाही.

जानेवारीत तालीम सुरू झाली. खालचे सूर त्याने व्यवस्थित लावले. वरच्या सुराला गेला आणि कवळी सरकली. फुर्र झालं. पोरं हसली, त्यालाही हसू आलं. भिंतीकडे तोंड करून त्याने ती बसवली आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्याने चिकटवायची पेस्ट आणली, कापसाची घडी करून पाहिली, दाबाची जागा बदलून पाहिली. दोन महिने तो सगळ्यांच्या आधी हॉलवर यायचा. कोपऱ्यातून ते फुर्र ऐकू यायचं आणि मग बराच वेळ काहीच नाही. मार्चमध्ये एका तालमीला त्याने ट्रंपेट पेटीतून काढलाच नाही. मास्तरांना म्हणाला की निरोप यंदा रिगो वाजवेल. माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझा मामा फार मोठा कलाकार असणार कोम्पा. मला नाही जमलं.”

मी उजव्या हाताला सरकलो. सव्वीस वर्षांनी. तिथून बँड वेगळाच ऐकू येतो. घरी गेल्यावर फ्रेसिया म्हणाली, मिळालं ना एकदाचं, आता तरी तोंड सरळ कर. केलं. महिनाभर मी शीळ घालत पंक्चरं काढली.

मग मास्तरांचा खुबा दुखायला लागला. एप्रिलमध्ये त्यांनी बैठक बोलावली आणि सांगितलं की आता तिरानाच्या धुळीत बँडपुढे चालणं त्यांच्याने होत नाही. शिट्टी आणि छडी कुणाला द्यायची? मी खुर्चीत सावरून बसलो. जुना मी, खजिनदार मी, पहिला ट्रंपेट मी. मास्तर म्हणाले, “सेनोबियो मोकळाच आहे.” टाळ्या पडल्या. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मोकळाच आहे! त्याला मोकळा मीच केला होता.

ट्रंपेट तोंडाला असताना सेनोबियो गरीब गाय होता. बोलायचा नाही, वाजवायचा. आता तो समोर उभा राहायला लागला. चाळीस माणसं त्याच्याकडे बघायला लागली, आणि मीही, कारण बघावंच लागतं. तो खूण करणार तेव्हा मी सुरू करायचं, तो खूण करणार तेव्हा थांबायचं. निरोपाच्या तालमीत त्याने मला तीनदा अडवलं. शेवटी म्हणाला, “कोम्पा, घाई नको. ती माउली आहे, आरिकाची बस नाही.” सगळे खो खो हसले. तो टोमणा नव्हता, त्याला टोमणा मारता येतच नाही. आणि तो बरोबर बोलत होता. मी खरंच घाई करत होतो. पक्के दात असते तर हा माझ्या शेजारी तोंड बंद करून उभा असता, हाच विचार मी घरापर्यंत करत आलो.

म्हणून मी नवं बजेट काढलं.

कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन काढलं. पक्क्या दातांचं. पुन्हा डॉक्टरीणबाईंना फोन केला, घासाघीस करून दर उतरवला. ताक्नात चर्चच्या धर्मशाळेत नाममात्र भाड्याने खोली मिळते हे शोधून काढलं. ओतिलियाचा गाळा फ्रेसिया सांभाळेल. बुडालेली मजुरी धरलीच नाही, बँडवाले पाळीपाळीने टँकर चालवतील असं लिहिलं. जत्रेच्या बसचं भाडं आगाऊ भरून कोम्प्लेतोतले जे पैसे उरले ते होतेच, गणवेश अजून शिवायचे होते. आणि तरी जी तूट राहत होती ती मी माझ्या खिशातून घातली, दुकानाच्या नव्या कॉम्प्रेसरसाठी साठवलेल्या पैशातून. फक्त एक अट सुचवली. दोन खेपा नकोत. ये-जा करण्यात पैसा जातो, धूळ लागते, हाडाला आराम हवा. मेमध्ये जावं आणि पाच महिने तिथेच राहावं.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं. कॉम्प्रेसरचं आलं तेव्हा दोन बायांनी डोळे पुसले. मास्तर काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, मैत्री अशी असावी. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझंही मन भरून आलं. आपण खरंच त्याच्यासाठी करतोय असं मला वाटलं.

ओतिलिया मागच्या बाकावरून उठली. हातात भाजीची पिशवी तशीच होती. तिने आवाज चढवला नाही.

“मे ते ऑक्टोबर,” ती म्हणाली. “जत्रा जुलैत असते.”

मी म्हटलं, तब्येतीपुढे जत्रा काय.

“सप्टेंबरात हेच दात इतके महाग होते की तुला वाचताना धाप लागत होती,” ती म्हणाली. “तेव्हा माझा कुत्रासुद्धा जेवत होता. आता कुत्रा उपाशी, मजुरी माफ, आणि तू कॉम्प्रेसर विकायला निघालास. तेव्हा तो तुझ्या शेजारी उभा होता. आता तुझ्यापुढे उभा आहे. रिगो, माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा भाव तुझ्या पोटदुखीवर ठरतो का?”

मी म्हणालो की आकडे हे आकडे असतात, कुणीही तपासून घ्यावेत, आणि कॉम्प्रेसर विकत नाहीये, घेणार होतो तो घेत नाहीये. माझा आवाज मलाच चिरका लागला. फ्रेसियाकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. सैतान झालेला तो पोरगा माझ्याकडे टक लावून बघत होता. दात ज्याने पाडले त्याच्याकडून तरी हे नको होतं.

सेनोबियो उठला. मला वाटलं आता हा मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, सरळ हिशेब झाला असता. त्याने ओतिलियाच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ की त्याला सगळं कळलंय हे मला कळावं: कुत्रा, कवळी, मामा, सगळं.

“यंदा नको,” तो म्हणाला. “दातांचं जत्रा झाल्यावर बघू. यंदा कोम्पाला वाजवू दे.”

वाजवू दे. ऐकलंत? लहान पोर हट्टाला पेटलं की आई म्हणते तसं. सव्वीस वर्षं जे हक्काने माझं होतं, ते त्याने चारचौघांत मला भीक घातल्यासारखं दिलं, आणि लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं माउलीकडे पाहतात. घरी जाताना फ्रेसिया माझ्या चार पावलं पुढे चालत होती. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, “त्या माणसाला दात नाहीत म्हणून तो चावला नाही, असं समजू नकोस.” मग आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं, एकाच कपाचं.

मी बँड सोडणार होतो. आठ दिवस तालमीला गेलो नाही. मग मनात आलं, मी सोडला तर लोक म्हणतील ओतिलिया खरं बोलली. शिवाय निरोप सोडायचा? इतकं करून? मी गेलो, उजव्या हाताच्या जागी उभा राहिलो आणि कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही तरी वाजवलं. सेनोबियो बोलायचा. “इथे श्वास घे कोम्पा. हां. असंच.” त्याने मला तो निरोप सूर न् सूर शिकवला, स्वतः कसा वाजवायचा ते सगळं माझ्यापुढे ओतलं. मी शिकत गेलो आणि दर वेळी त्याचा आणखी राग येत गेला.

जुलै. जत्रेचा शेवटचा दिवस. भर दुपार. देवळात मेणबत्त्यांच्या धुराने जीव गुदमरत होता. आमच्या ताफ्याचा नंबर आला, सैतानांनी मुखवटे काढून छातीशी धरले, गाणं म्हणत म्हणत, माउलीकडे बघत, एक एक पाऊल मागे सरकायला लागले. बँड थांबला. सेनोबियोने माझ्याकडे पाहिलं आणि खूण केली.

मी वाजवलं. फुशारकी मारत नाही, पण मी आयुष्यात कधी असं वाजवलं नव्हतं. घाई केली नाही. वरचा सूर लागला आणि थांबला, देवळाच्या छताला जाऊन टेकला. पुढच्या रांगेत एक बाई गुडघ्यांवर कोसळली. कुणीतरी मोठ्याने रडलं. आता, मी मनात म्हटलं, आता माझ्याकडे बघतील.

सूर धरून मी डोळे वर केले. सेनोबियो माउलीकडे तोंड करून उभा होता. छडी खाली लोंबत होती, दुसरा हात तोंडावर घट्ट दाबलेला, आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. लोक त्याच्याकडे सरकले. एका म्हातारीने त्याचा छडीचा हात घेऊन डोळ्यांना लावला. दुसरीने त्याला कमरेला मिठी मारली. सगळे फोन त्याच्याकडे वळले होते. ओतिलिया त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

थांबायची खूण करायची त्याला शुद्ध नव्हती. मला दम उरला नव्हता, तरी मी सूर सोडला नाही. वाजवत मी होतो, आणि अख्खं देऊळ त्याच्याकडे बघत होतं.